तीन मीटर, तीन आकडे: मायक्रोवेव्ह सिग्नल जनरेटरवरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो, की मायक्रोवेव्ह सिग्नल जनरेटरच्या (म्हणजे हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा, हव्या त्या पॉवरचा सिग्नल देणाऱ्या टेस्टिंगच्या यंत्राच्या) पोटातली अर्धी सर्किट्स सिग्नल बनवायला नसतात, बनलेल्या सिग्नलला जागेवर धरून ठेवायला असतात. त्यावर बरेच प्रश्न आले, काहींनी तर स्क्रीनचे फोटोही पाठवले, म्हणून यावेळी दुसरा विषय घेतच नाहीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही.

प्रश्न: सर, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅबमधल्या जनरेटरवर १० गिगाहर्ट्झ आणि ० डीबीएम (म्हणजे १ मिलीवॉट, पुढे दर १० डीबीला पॉवर दहापट) टाइप केलं की लगेच तेच आकडे दिसतात. पण आत नेमकं कोण ठरवतं की हे १० च आहे आणि ० च आहे? ब्लॉक डायग्राम पाहिला, सगळीकडे बाणच बाण, काही कळलं नाही. (एक विद्यार्थिनी)

उत्तर: बाण सोडून दे आत्ता. आत दोन हट्टी राखणदार बसलेत असं समज, एक फक्त फ्रिक्वेन्सीकडे बघतो, दुसरा फक्त पॉवरकडे, आणि दोघांचं काम एकच, जरा काही हललं की परत जागेवर आणायचं.

आधी फ्रिक्वेन्सीवाला. बऱ्याच मायक्रोवेव्ह जनरेटरमध्ये मूळ ऑसिलेटर यिगचा असतो, म्हणजे इट्रियम आयर्न गार्नेटची एक गोळी, मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि ती इलेक्ट्रोमॅग्नेटच्या मधोमध बसवलेली. चुंबकीय क्षेत्र वाढवलं की तिची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी वाढते, दर गाउसला साधारण २.८ मेगाहर्ट्झ, आणि हे नातं जवळपास सरळ रेषेतलं आहे म्हणून तर ती एवढी लाडकी. १० गिगाहर्ट्झला सुमारे ३५७० गाउस लागतात. आता गंमत बघ, क्षेत्र नुसतं एका गाउसने हललं तरी फ्रिक्वेन्सी २.८ मेगाहर्ट्झने सरकली, आणि कॉइलचा करंट, गरम होणारं लोखंड, त्याची हिस्टेरेसिस, हे सगळं ते क्षेत्र हलवायला टपलेलंच असतं. म्हणून यिगला मोकळं सोडत नाहीत. त्याची फ्रिक्वेन्सी भागून किंवा मिक्स करून खाली आणतात, ओव्हनमध्ये ठेवलेल्या १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलशी तिची फेज (लाट आत्ता तिच्या फेरीत कुठे पोचली ते) ताडून बघतात, आणि जो फरक येईल त्यावरून कॉइलचा करंट दुरुस्त करतात. हा पीएलएल, फेज लॉक्ड लूप. कल्पना जुनी आहे, १९३२ मध्ये आंरी द बेलसीझ या फ्रेंच इंजिनियरने रेडिओ रिसीव्हरसाठी मांडलेली.

फुकट मात्र काही मिळत नाही. १० मेगाहर्ट्झवरून १० गिगाहर्ट्झ म्हणजे हजारपट, आणि फ्रिक्वेन्सी हजारपट झाली की क्रिस्टलचा फेज नॉइझही (फेजची बारीक थरथर) ६० डीबीने वर येतो (दर दुपटीला ६ डीबी, हिशोब करून बघ). म्हणून कॅरियरच्या, म्हणजे मुख्य सिग्नलच्या रेषेच्या, अगदी जवळ क्रिस्टलचा नॉइझ दिसतो आणि लांब गेलं की ऑसिलेटरचा स्वतःचा, आणि मध्ये कुठेतरी लूपची बँडविड्थ, म्हणजे लूप किती वेगातले बदल पकडू शकतं ती हद्द, संपते. ही बँडविड्थ लक्षात ठेव, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुसरा राखणदार पॉवरचा. सिग्नल कनेक्टरकडे जाताना वाटेत पिन डायोडचा मॉड्युलेटर लागतो, तो म्हणजे बायसवर कमीजास्त होणारा नळ. मग ॲम्प्लिफायर, मग फिल्टर, मग डायरेक्शनल कपलर. कपलर बाहेर जाणाऱ्या पॉवरमधला थोडासा वाटा काढून शॉटकी डायोडला देतो, डायोड त्याचं डीसी व्होल्टेज करतो, ते व्होल्टेज तू टाइप केलेल्या आकड्यापासून बनलेल्या व्होल्टेजशी ताडलं जातं, आणि फरक असेल तसा नळ उघडतो किंवा आवळला जातो. याला एएलसी म्हणतात, ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल.

पण डायोडची एक कमजोरी आहे. पॉवर फार कमी झाली, म्हणजे साधारण -२० डीबीएमच्या खाली, की तो स्क्वेअर लॉमध्ये जातो, पॉवर १० डीबी उतरली की व्होल्टेज पार दहाव्या हिश्श्यावर, आणि थोड्याच वेळात तापमानाचा ड्रिफ्ट आणि खरा सिग्नल यात फरकच करता येत नाही. मग -६० डीबीएम कसे देतात? तर लूपला आरामात ० च्या आसपास चालू देतात आणि कपलरच्या पुढे ६० डीबीचा स्टेप ॲटेन्युएटर, म्हणजे पायऱ्यांनी पॉवर कमी करणारा पार्ट, लावतात. लेव्हल फिरवताना मध्येच टक् आवाज येतो ना, तो हाच, दहा दहा डीबीच्या पायऱ्या बदलतोय. आता परीक्षेत कोणी विचारत नाही अशी गोष्ट सांगतो, हा ॲटेन्युएटर लूपच्या बाहेर आहे. त्याच्यावर कोणाचीच नजर नाही. तो ६० म्हणतो म्हणजे ६०, मशीन फक्त कॅलिब्रेशनच्या वेळचा तक्ता वाचतं. त्यामुळे एखादी पायरी झिजली किंवा जळाली तर स्क्रीन अगदी शांतपणे -६० दाखवत राहील, कसलीही एरर न देता.

आणि मॉड्युलेशन म्हणजे या दोघांपैकी एकाकडून मुद्दाम बदल करून घेणं, ज्याचं कामच बदल मोडून काढणं आहे त्याच्याकडून! त्याचे रस्ते दोनच. बदल हळू असेल तर राखणदाराला मिळणारा हुकूमच बदलायचा, म्हणजे तो स्वतःच सिग्नल हलवतो. बदल इतका वेगात असेल की त्याचं लक्ष पोचायच्या आत होऊन जातो, तर त्याच्या पाठीमागून थेट सिग्नलला हात घालायचा. खालची बहुतेक भांडणं याच दोन रस्त्यांच्या सांध्यावरची आहेत.

प्रश्न: आमच्या जनरेटरला +१० डीबीएमला कधी प्रॉब्लेम नाही. पण एएम (ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशन, सिग्नलची उंची कमीजास्त करणं) लावून डेप्थ ९०% केली की "अनलेव्हल्ड" लागतं. लेव्हल तर तीच आहे मग मशीन खराब झालंय का? रिपेअरला पाठवावं का? (टेस्टिंग लॅबमधले एक टेक्निशियन)

उत्तर: नका पाठवू. लेव्हल तीच नाहीये, स्क्रीनवरचा आकडा तोच आहे. एएममध्ये +१० हा कॅरियरचा आकडा असतो, ९०% डेप्थला व्होल्टेज शिखरावर १.९ पट होतं आणि दरीत ०.१ पट, म्हणजे शिखरावर ५.६ डीबी जास्त आणि दरीत २० डीबी कमी. तुमच्या मशीनकडून तुम्ही एका क्षणाला +१५.६ डीबीएम मागताय आणि पुढच्या क्षणाला -१०. त्याच्या ॲम्प्लिफायरची ताकद त्या फ्रिक्वेन्सीला +१३-१४ ला संपत असेल तर नळ पूर्ण उघडूनही पाणी येत नाही, आणि लूप बोंब मारतं, तेच ते अनलेव्हल्ड. लेव्हल +५ करा, बहुतेक गप्प बसेल.

खालच्या टोकाचं दुखणं वेगळं आहे आणि ते कधी कधी लाइट न लावता येतं. एएमचा सिग्नल साधारणपणे एएलसीच्या हुकुमातच मिसळलेला असतो, म्हणजे पहिला रस्ता. दरीत डिटेक्टरला दिसायलाच काही उरलं नाही तर लूप चाचपडतं आणि एन्व्हलपचा, म्हणजे सिग्नलच्या उंचीच्या बाह्यरेषेचा, तळ चपटा किंवा वाकडा येतो. मूळ लेव्हल ॲटेन्युएटर होल्ड करून, म्हणजे त्याची पायरी गोठवून, फार खाली नेली असेल तर आणखीच, कारण मग दरी डिटेक्टरच्या आंधळ्या भागात जाते. ज्यांना खोल एएम रोज लागतं त्यांच्यासाठी काही मशीनमध्ये एएलसी बंद ठेवून थेट मॉड्युलेटरवर एएम द्यायची सोय असते, तिथे दरी हवी तेवढी खोल जाते पण मग ॲब्सोल्यूट लेव्हलची खात्री तुमची तुम्ही करायची.

अजून एक, एएमचा रेट वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर डेप्थ आपोआप कमी व्हायला लागेल. ती एएलसीची बँडविड्थ. मेनूमध्ये कोणीतरी ती अरुंद करून ठेवली असेल तर १ किलोहर्ट्झलाच डेप्थ गायब दिसेल, आधी तिथे बघा आणि मगच मशीनला नावं ठेवा.

प्रश्न: पल्स मोडमध्ये +१० डीबीएम सेट केलं, पल्स १ मायक्रोसेकंद, रिपीटिशन १ किलोहर्ट्झ. पॉवर मीटर -२० दाखवतो, स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर ते दाखवणारं यंत्र) -५० दाखवतो आणि जनरेटर म्हणतो +१०. तिघातला खोटारडा कोण? केबल तीन वेळा बदलली. (रडारवर काम करणारा एक ज्युनियर इंजिनियर)

उत्तर: कोणीच नाही. आणि केबल बिचारीचा तर अजिबात दोष नाही. आवडला मला हा प्रश्न, शीर्षकही त्यावरूनच घेतलंय.

१ किलोहर्ट्झ म्हणजे दर १००० मायक्रोसेकंदांत एक पल्स, त्यातला सिग्नल फक्त १ मायक्रोसेकंद, म्हणजे ड्यूटी एक हजारांश. जनरेटर पल्स चालू असतानाची पॉवर सांगतोय, +१०, खरं आहे. पॉवर मीटरचा थर्मल सेन्सर उष्णतेची सरासरी काढतो, हजारांश म्हणजे ३० डीबी कमी, -२०, तेही खरं. स्पेक्ट्रम ॲनालायझरची गोष्ट अशी की त्याला पल्स दिसतच नाही, त्याला दिसतात १-१ किलोहर्ट्झवर उभ्या असलेल्या ढिगभर रेषा, ज्यांचा एकत्र आकार सिंक फंक्शनचा (मधे उंच डोंगर, बाजूला घटत जाणाऱ्या टेकड्या) असतो आणि पहिले शून्य कॅरियरपासून १ मेगाहर्ट्झवर. मधल्या रेषेचं व्होल्टेज ड्यूटीच्या प्रमाणात घटतं, पॉवर नाही, व्होल्टेज, म्हणून २० लॉग, म्हणजे ६० डीबी, म्हणजे -५०. तुमची रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे ॲनालायझर एका वेळी बघतो ती फ्रिक्वेन्सीची खिडकी, १ किलोहर्ट्झपेक्षा बरीच कमी असणार, म्हणून एकेक रेषा सुटी दिसली. ती वाढवत न्या, एकाच वेळी अनेक रेषा आत येतील आणि आकडा चढत जाईल. त्या सगळ्या रेषांची पॉवर एकत्र केली की पुन्हा -२० च येते. खरी +१० डोळ्यांनी बघायची असेल तर वेगवान डायोड डिटेक्टर लावून स्कोपवर बघा किंवा पीक पॉवर मीटर मागून आणा.

पण तुमच्या केसमध्ये खरी भानगड वेगळीच असू शकते आणि ती तुम्ही विचारली नाही. पल्स बंद असताना एएलसी काय करतो? डिटेक्टरला शून्य दिसतं, लूपला वाटतं पॉवर मेली, तो नळ पूर्ण उघडतो, आणि पुढचा पल्स येतो तो भसकन मोठा. हे होऊ नये म्हणून पल्स चालू असेल तेवढ्याच क्षणी मोजायचं आणि बंद असताना शेवटचं व्होल्टेज धरून ठेवायचं, सॅम्पल अँड होल्ड, अशी व्यवस्था असते. पल्स एक मायक्रोसेकंदापेक्षाही बारीक झाला की बऱ्याच मशीनच्या डिटेक्टरला तेवढ्यात धड मोजता येत नाही. मग लूप सोडून देतात. आधी क्षणभर सलग कॅरियर चालू करून लेव्हल मोजायची, नळ किती उघडा होता ते लक्षात ठेवायचं, मग लूप तोडून त्याच जागी नळ अडकवून पल्स द्यायचे, याला पॉवर सर्च म्हणतात. दोन गोष्टी सांभाळा. एक, सर्च झाल्यावर मशीन तापत गेलं की लेव्हल हळूहळू सरकते, सर्च पुन्हा करावा लागतो. दोन, त्या क्षणभराच्या सर्चमध्ये काही मशीन सलग पूर्ण पॉवर बाहेर सोडतात, आणि पुढे फक्त पल्ससाठी बनवलेला ॲम्प्लिफायर जोडलेला असेल तर तो क्षण त्याला महागात पडू शकतो. मॅन्युअल उघडून तुमचं मशीन सर्चच्या वेळी आउटपुट बंद ठेवतं की नाही ते बघा.

प्रश्न: एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) चा रेट, म्हणजे हलवण्याचा वेग, १०० किलोहर्ट्झ असताना ५ मेगाहर्ट्झ डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी किती लांब सरकते ते) मिळतं. रेट १०० हर्ट्झ केला की तेवढं डेव्हिएशन घेतच नाही. हळू हलवणं सोपं असायला हवं ना? आणि कॅरियर फ्रिक्वेन्सी बदलली की कमाल डेव्हिएशन पण बदलतं, हे काय प्रकरण आहे? (मास्टर्स करणारा एक विद्यार्थी)

उत्तर: हळू हलवणं ऑसिलेटरला सोपं आहे, लूपला नाही. इथे राखणदार पीएलएल आहे आणि तो मोजतो फेज, फ्रिक्वेन्सी नाही. फेज किती रेडियन झुलेल ते काढायला डेव्हिएशनला रेटने भागायचं. ५ मेगाहर्ट्झ भागिले १०० किलोहर्ट्झ, ५० रेडियन, म्हणजे आठेक फेऱ्या. ५ मेगाहर्ट्झ भागिले १०० हर्ट्झ, ५०,००० रेडियन, जवळपास आठ हजार फेऱ्या! आधीच्या रेटला लूप त्याच्या बँडविड्थच्या बाहेर होतं, त्याला झुलणं कळलंच नाही. दुसऱ्यात ते पूर्ण भानावर आहे आणि एवढी फेज त्याच्या डिटेक्टरच्या आवाक्यात बसत नाही, एक तर लॉक सुटेल किंवा मशीन आधीच नाही म्हणेल. तुमचं शहाणं आहे, नाही म्हणतंय.

म्हणून चांगल्या मशीनमध्ये एफएम दोन ठिकाणी एकदम देतात. वेगवान भाग थेट ऑसिलेटरला, यिगमध्ये यासाठी मुख्य कॉइलच्या जोडीला एक छोटी एफएम कॉइल असते कारण मुख्य कॉइलचा इंडक्टन्स एवढा मोठा की ती फार वेगात हलूच शकत नाही. आणि हळू भाग लूपच्या तुलनेच्या जागी, इंटिग्रेट करून म्हणजे फेज बनवून, किंवा हल्लीच्या फ्रॅक्शनल डिव्हायडरच्या मशीनमध्ये भागाकाराचा आकडाच डिजिटली हलवून, म्हणजे लूपला वाटतं हुकूमच हा आहे. दोन्ही वाटांचा गेन तंतोतंत जुळला तर जोड दिसत नाही. नाही जुळला तर रेट लूप बँडविड्थच्या आसपास नेल्यावर डेव्हिएशनमध्ये एक पायरी दिसते, आणि जुन्या मशीनची अशी पायरी ट्रिम करण्यात माझे कितीतरी दिवस गेलेत, त्यामुळे तिच्याबद्दल मला विशेष प्रेम आहे.

तिसरा पर्याय म्हणजे लूप उघडून टाकणं, अनलॉक्ड एफएम. मग अगदी डीसीपर्यंत हवं तेवढं हलवा, फक्त कॅरियर स्वतःच्या मर्जीने वाहत जातो. काही टेस्टना चालतं ते, काहींना अजिबात नाही.

कमाल डेव्हिएशनचं कारण साधं आहे. ऑसिलेटर समजा ५ ते १० गिगाहर्ट्झच देतो, २० हवे असतील तर १० ला दुप्पट करतात, ४० ला चौपट, आणि खाली यायचं तर २, ४ ने भागत जातात. फ्रिक्वेन्सीसोबत डेव्हिएशनलाही तोच गुणाकार-भागाकार लागतो. स्क्रीनवर तुम्ही टाकलेलं डेव्हिएशन बाहेर तेवढंच यावं म्हणून मशीन आतला ड्राइव्ह स्वतः कमी-जास्त करतं, पण कमाल मर्यादा मात्र बँडप्रमाणे बदलते.

आणि डेव्हिएशन खरंच बरोबर आहे का हे बघायचा सगळ्यात सुंदर उपाय सांगतो, ज्याला स्पेक्ट्रम ॲनालायझरशिवाय काही लागत नाही. मॉड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले रेट) २.४०५ झाला की बेसेल फंक्शनच्या गणिताप्रमाणे कॅरियरची रेषा पूर्ण नाहीशी होते, सगळी ऊर्जा साइडबँडमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषांत. रेट १० किलोहर्ट्झ ठेवा, डेव्हिएशन शून्यापासून हळूहळू वाढवा, २४.०५ किलोहर्ट्झला मधली रेषा बुडायला हवी. १०० किलोहर्ट्झचं डेव्हिएशन तपासायचं असेल तर रेट ४१.५८ किलोहर्ट्झ ठेवा. शून्यापासूनच सुरू करा मात्र, कारण इंडेक्स ५.५२० ला कॅरियर पुन्हा बुडतो आणि तिथे फसलेले लोक मी पाहिलेत. रेट मोजायला साधा काउंटर पुरतो, म्हणजे सगळी अचूकता काउंटर आणि गणित यांच्या खांद्यावर, ॲनालायझरचं ॲम्प्लिट्यूड कॅलिब्रेशन कसंही असो.

प्रश्न: जनरेटरमागे ॲम्प्लिफायर आणि लांब केबल आहे. २ ते १८ गिगाहर्ट्झ स्वीप केला की टोकाला लेव्हल ४ डीबी वरखाली होते. जनरेटरच्या कनेक्टरवर मात्र सपाट आहे. एक्स्टर्नल लेव्हलिंग वापरावं का? (अँटेना टेस्टिंग करणारे एक वाचक)

उत्तर: वापरा, पण आधी माझी फजिती ऐका. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी अशीच जोडणी केली होती, ॲम्प्लिफायरच्या पुढे कपलर, कपलरला डिटेक्टर, डिटेक्टरचं व्होल्टेज परत जनरेटरच्या मागच्या एक्स्टर्नल एएलसी सॉकेटमध्ये. मस्त सपाट झालं. जेवून आलो, कोणीतरी बेंचवरून जाताना डिटेक्टरची केबल ओढली गेली होती, आणि एएलसीला दिसत होतं शून्य. त्याने प्रामाणिकपणे त्याचं काम केलं, नळ पूर्ण उघडला, ॲम्प्लिफायर ठासून भरला आणि टोकाला लावलेला नाजूक डायोड गेला. मशीनची चूक शून्य, वास मात्र पूर्ण खोलीत. तेव्हापासून एक्स्टर्नल लेव्हलिंग लावताना मी पुढच्या वस्तूला सोसेल एवढंच जास्तीत जास्त येऊ शकेल असा फिक्स ॲटेन्युएटर मध्ये टाकल्याशिवाय आउटपुट चालूच करत नाही.

एक्स्टर्नल लेव्हलिंगमध्ये राखणदाराचा डोळा तुम्ही कनेक्टरवरून उचलून केबलच्या टोकाला नेता, मग मधलं ॲम्प्लिफायरचं, केबलचं सगळं वरखाली लूप भरून काढतं, आणि कपलरच्या जागी सोर्स मॅचही सुधारतो. लूप जरा मंद होतं, त्यामुळे स्वीप सावकाश करा. फार वेगात स्वीप आणि डीप एएम या सेटअपवर करायच्या भानगडीत पडू नका.

जोडणी रोज बदलत नसेल तर त्यापेक्षा शांत उपाय म्हणजे फ्लॅटनेस करेक्शन, टोकाला पॉवर मीटर लावून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती कमी पडतं त्याचा तक्ता मशीनला शिकवायचा. केबल वाकवली किंवा बदलली की तक्ता शिळा झाला एवढंच.

४ डीबीतला थोडा भाग मिसमॅचचाही, म्हणजे जोडावरून उलट फिरणाऱ्या सिग्नलचाही, असेल. एका बाजूचा एसडब्ल्यूआर (मिसमॅचचं माप, १ म्हणजे अजिबात मिसमॅच नाही) १.५ आणि दुसऱ्या बाजूचा २ असला तरी फक्त परावर्तनांच्या खेळाने साधारण ०.६ डीबी वर आणि तेवढंच खाली होतं, आणि लांब केबलमध्ये ते स्वीपवर बारीक लाटांसारखं दिसतं. ६ डीबीचा चांगला पॅड (फिक्स ॲटेन्युएटर) टोकाला लावून बघा, लाटा लगेच बसल्या तर समजा तेच होतं.

प्रश्न: व्हेक्टर जनरेटरवर (उंची आणि फेज दोन्ही एकदम बदलू शकणारा) ओएफडीएम सिग्नल (एकाच वेळी अनेक कॅरियरवर डेटा नेणारा) +१३ डीबीएमला दिला की ईव्हीएम, म्हणजे मॉड्युलेशनमधल्या चुकीचं माप, एकदम वाईट. मशीनचं स्पेसिफिकेशन +१५ चं आहे. शिवाय एकच टोन दिला तर कॅरियरच्या दुसऱ्या बाजूला त्याचं भूत दिसतं. (वायरलेस टेस्टिंगमधली एक इंजिनियर)

उत्तर: +१५ हे सलग कॅरियरचं आहे. ओएफडीएमची सरासरी +१३ ठेवलीत तर त्याची शिखरं १०-१२ डीबी वर, म्हणजे +२३ च्या पुढे जाऊ बघतात आणि ॲम्प्लिफायर ती कापून टाकतो. सरासरी +३ च्या आसपास आणा आणि मग ईव्हीएम बघा. जास्त पॉवर हवीच असेल तर बाहेर मोठा लिनियर ॲम्प्लिफायर, दुसरा मार्ग नाही.

आयक्यू मॉड्युलेशनमध्ये (आय आणि क्यू अशा ९० अंशांनी वेगळ्या दोन वाटांनी सिग्नल घडवणं) एएलसी हा घरभेदी होऊ शकतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एन्व्हलपचं वरखाली होणं हाच तर इथे सिग्नल आहे, आणि एएलसी वेगवान ठेवला तर तो ते वरखाली चूक समजून सपाट करायला धावतो. म्हणून त्याची बँडविड्थ अगदी अरुंद करतात, किंवा पॉवर सर्च करून बंदच ठेवतात. सिग्नल तुटक बर्स्टचा असेल तर मधल्या रिकाम्या वेळात त्याला थिजवून ठेवायला वेव्हफॉर्ममधला मार्कर, म्हणजे वेळेची खूण, वापरतात. तो मार्कर चुकीच्या जागी पडला की प्रत्येक बर्स्टचं डोकं फुगलेलं येतं, आणि लोक दोन दिवस फिल्टरमध्ये चूक शोधत बसतात.

भूत म्हणजे इमेज. आय आणि क्यू या दोन वाटा एकमेकींपासून नेमक्या ९० अंशांवर आणि नेमक्या सारख्या असतील तरच दुसऱ्या बाजूची रेषा कटते. फक्त १ अंश चुकला तरी इमेज -४१ डीबीला येऊन बसते, आणि गेनमध्ये ०.१ डीबी फरक असेल तर -४५ ला. नेमक्या कॅरियरवरच रेषा दिसत असेल तर ते डीसी ऑफसेटमुळे होणारं लीकेज. मशीन अर्धा-पाऊण तास तापू दे, मग मेनूतलं आयक्यू कॅलिब्रेशन चालव, ते पण ज्या फ्रिक्वेन्सीला काम आहे तिथेच. अख्ख्या रेंजचं कॅलिब्रेशन कोणीतरी कधीतरी केलेलं असतं, त्यावर फार भरवसा ठेवू नको.

थोडक्यात उत्तरं

दोन जनरेटर एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवूनही स्कोपवर एकमेकांना सोडून पळतात असं एकाने लिहिलंय. एकाच्या मागचं १० मेगाहर्ट्झ आउटपुट दुसऱ्याच्या रेफरन्स इनपुटला जोडा, फ्रिक्वेन्सी जुळतील. फेज मात्र तरीही तापमानाबरोबर हळूच सरकेल, कारण प्रत्येकाचा गुणाकार वेगळा चालतो.

लेव्हल ऑटोमेशनने सतत -९ ते -११ अशी फिरवत असाल आणि टक् टक् ऐकू येत असेल तर ॲटेन्युएटर होल्ड करा. मेकॅनिकल ॲटेन्युएटरचे कॉन्टॅक्ट ठरावीक वेळाच चालतात, रात्रभर चाललेला एक वेडा प्रोग्राम त्यातले बरेच खाऊन टाकतो.

आणि ज्यांनी विचारलंय की ट्रान्ससीव्हर तपासताना चुकून ट्रान्समिट दाबलं तर जनरेटरला काही होईल का, त्यांना उत्तर: होईल. बऱ्याच मायक्रोवेव्ह जनरेटरना रिव्हर्स पॉवर प्रोटेक्शन अर्ध्या वॉटच्या आसपास असतं किंवा नसतंच, आणि पहिला जाणारा पार्ट तोच, लूपच्या बाहेरचा स्टेप ॲटेन्युएटर. मध्ये ट्रान्समीटरची पूर्ण पॉवर झेपेल असा २० डीबीचा पॅड ठेवा आणि जनरेटरची लेव्हल २० ने वाढवा. ५ वॉट असले तरी उलट्या बाजूने ५० मिलीवॉटच पोचतील.